शेपटीवाली क्रियापदं

...विसरा म्हणे! ‘एजेके, गिव्ह म्हणजे देणं, हे आधी विसरा,’ असं म्हणाली ती मला, ‘एजेके’ म्हणजे ताई म्हणत, तोंडावर, हातात खडू धरून... विसरा? अहो, अख्ख्या इंग्रजीतले मला शब्द येत होते मोजून चाळीस, त्यातला एक हा गिव्ह, तोही विसरू? बरं, का विसरू? तर म्हणे त्याच्यामागे अप लागलं की देण्याघेण्याचा काही संबंधच उरत नाही, गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं! मी म्हटलं, थांब, अप म्हणजे वर, हे तरी खरं ना? ‘हो एजेके, खरं.’ मग ‘वर देणं’ म्हणजे नाद सोडणं कसं झालं? कुणाला दिलं? किती वर दिलं? आणि वर देऊन नाद कसा सुटला? तर ती पोरगी खांदे उडवून म्हणते, ‘असंच असतं!’ आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? माझी की त्या शेपटीची?

आणि मी काही ऐरीगैरी बाई नाही, तुम्हाला सांगते! शायिरगुल मामितोव्ना म्हटलं की कोचकोरमध्ये आजही माणसं पाठ ताठ करतात. सत्तावीस वर्षं या गावात रशियन शिकवलं मी! चौकातला पोलीस माझा विद्यार्थी, नान भाजणारा माझा विद्यार्थी, दवाखान्यात सुई टोचणारी माझी विद्यार्थिनी... तिला मी दोनदा नापास केलं होतं, म्हणून मी इंजेक्शन घेत नाही, गोळ्याच घेते. तर अशी मी! आणि ऑगस्ट महिन्यात, शाळा रंगवायचं काम चाललंय, सगळीकडे त्या निळ्या रंगाचा वास, आणि आमचे मुख्याध्यापक सातिबाल्दी आगाय, म्हणजे सर, मला खोलीत बोलावतात आणि स्वतःच्या हाताने चहा ओततात. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे. हा माणूस चांगली बातमी असली की जिन्यातून ओरडत येतो, आणि वाईट असली की चहा ओततो.

‘शायिरगुल मामितोव्ना, वरून कागद आलाय,’ म्हणे. ‘रशियनचे तास निम्मे. इंग्रजीचे दुप्पट.’

‘मग इंग्रजीच्या बाईंना सांगा.’

‘त्या लग्न करून बिश्केकला गेल्या. आता तुम्हीच.’

‘मी? मला इंग्रजी येत नाही!’

‘अहो, भाषा ती भाषा! ट्रक चालवणारा उद्या बस चालवतोच की! जूनमध्ये प्रमाणपत्राची परीक्षा आहे, तेवढी पास व्हा.’

‘आणि नाही झाले तर?’

‘तर ग्रंथालय आहेच,’ म्हणाले आणि कपात अजून चहा ओतला.

ग्रंथालय! आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे काय, एक कपाट, त्याला एक कुलूप, आणि त्याची किल्ली मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी हरवलेली. म्हणजे निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मी एका बंद कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि माझेच विद्यार्थी जाता-येता मला सलाम करणार! मी ताडकन उठले आणि म्हटलं, शिकते. तुमचं इंग्रजी ते काय, शिकून दाखवते!

आता गावात इंग्रजी शिकवणारं दुकान एकच. औषधवाल्याच्या वर एक खोली, दारावर पाटी, आत एक फळा. आणि शिकवणारी कोण? बेगाइम! माझ्या हाताखाली आठवीत दोन वर्षं काढलेली बेगाइम! एक वर्ष शिकायला आली आणि एक वर्ष मी ठेवून घेतली म्हणून! ती पुढे कशीबशी कॉलेजात गेली, तिथून कुठं परदेशात वर्षभर राहिली, आणि आता अठ्ठावीस वर्षांची होऊन, केस आखूड कापून, फळ्यापुढे खुर्ची टाकून बसलेली. मी आत गेले, तर वर्गात सगळा माझाच जुना माल! दोन टॅक्सीवाले, एक घोडेवाला, आणि पाहुणेघर चालवणारी माझी शेजारीण झूरा. मला बघून सगळे सवयीने उभे राहिले. बेगाइमसुद्धा! मग तिच्या लक्षात आलं की इथं बाई आपण, म्हणून खाली बसली. मग लक्षात आलं की बाई बसत नसतात, म्हणून पुन्हा उभी राहिली. आणि मी? मी गेले शेवटच्या बाकावर. सत्तावीस वर्षं ज्या बाकावर मी खडू फेकले, त्या बाकावर!

आणि मग सुरू झालं. लुक! लुक म्हणजे बघणं. छान, चाळिसातला शब्द. तर म्हणे लुक फॉर म्हणजे शोधणं. बरं. आणि लुक आफ्टर म्हणजे? आफ्टर म्हणजे नंतर, मला येत होतं, मी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, ‘नंतर बघू!’ तर ती म्हणते, ‘नाही एजेके, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं.’ काळजी? अहो, आमच्या गावच्या कचेरीत जाऊन बघा, तिथं प्रत्येक खिडकीवर ‘नंतर बघू’ म्हणतात, कुणी घेतली का कधी कुणाची काळजी? नंतर बघू म्हणजे या जन्मात बघणार नाही! आणि यांच्यात ते सांभाळणं! पुढे लुक अप टू म्हणजे मान देणं आणि लुक डाउन ऑन म्हणजे तुच्छ मानणं... हे मला पटलं. वर बघितलं की मान, खाली बघितलं की अपमान, सरळ आहे. आणि पटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, की हे आपल्याला गाफील ठेवायला घातलंय. कारण लगेच पुढे आलं पुट अप विथ! ठेव, वर, बरोबर. तिन्ही मला येतात. पण तिघं एकत्र येऊन काय करतात? सोसतात! पुट अप विथ म्हणजे सोसणं! मी म्हटलं, कोणी, कोणाला, कशाच्या वर ठेवलं? तर झूरा मागे वळून म्हणते, ‘एजे, सोपं आहे की! सासूला आपल्याबरोबर घरात ठेवायचं आणि वर बसवायचं. मग सोसावंच लागतं ना!’ आणि सगळा वर्ग माना डोलावतो! त्यांना कळलं! घोडेवाल्याला कळलं! मला कळेना!

मी उभीच राहिले. म्हटलं, ‘बेगाइम, याला काही नियम आहे का नाही? नियम सांग, मी पाठ करते. हे काय, एक क्रियापद आणि त्याला बारा शेपट्या, शेपटी बदलली की जनावर बदलतं!’ तर ती अगदी हळू आवाजात, डोळे खाली घालून म्हणते, ‘एजेके, तुम्हीच सांगायचात ना... उपसर्ग पाठ करा, कारण विचारू नका.’

झूरा चटकन पुढे वळली, घोडेवाल्याने पुस्तकात डोकं घातलं.

आता हे खरंय, मी सांगायची तसं. रशियन क्रियापदाला शेपट्या नसतात, शिंगं असतात, पुढून लागतात. जाणं एकच, पण प्रि लावलं की आला, उ लावलं की गेला, असली पंधरा-वीस शिंगं, आणि ती मी पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली. कुणी ‘का’ विचारलं, की खडू! पण ते वेगळं! रशियनमध्ये अर्थ आहे! म्हणजे... मला तरी त्यात अर्थ वाटायचा. चूक कुणाची? माझी की शेपटीची?

घरी येऊन मी सगळ्या घराला चिठ्ठ्या डकवल्या. आमचा म्हातारा ओरोझअली, त्याची जन्मभर विजेच्या उपकेंद्रात नोकरी, शांत माणूस, दिवसाला वीस शब्द पुरतात त्याला. तो बिचारा म्हणाला, ‘म्हातारे, इंग्रजीतलं ऑन आणि ऑफ मला येतं, आमच्या बटणांवर लिहिलेलं असतं, त्यात तरी मी तुला मदत करतो.’ मला किती बरं वाटलं! म्हटलं, बस, घे पुस्तक. त्याने चष्मा लावला आणि वाचलं, टर्न ऑफ, बंद करणं. बरोबर! टर्न ऑन, चालू करणं. बरोबर! पुढचं वाक्य, गजराचं घड्याळ गोज ऑफ. ‘घड्याळ बंद पडलं,’ म्हणाला. मी उत्तर बघितलं आणि म्हटलं, ‘नाही, वाजायला लागलं.’ ‘काय?’ ‘गो ऑफ म्हणजे वाजायला लागणं.’ ‘ऑफ झालं म्हणजे चालू झालं?’ ‘हो.’ आणि पुढे दूध गोज ऑफ म्हणजे नासलं. आणि बॉम्ब गोज ऑफ म्हणजे फुटला! आमचा म्हातारा उभा राहिला हो! तीस वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो पुस्तक आपटून ओरडला, ‘अगं, असल्या भाषेत विजेचं काम करतात तरी कसे? खांबावर चढलेला माणूस खाली ओरडून विचारणार ऑफ आहे का, खालचा म्हणणार ऑफ आहे, आणि वरचा कोळसा होऊन खाली येणार!’ त्या दिवसापासून त्याने इंग्रजीला हात लावला नाही. मी एकटी पडले.

आणि एवढ्यावर थांबतंय का? त्यांच्या म्हणे बोलायच्या लकबी असतात, त्या वेगळ्याच! केकचा तुकडा म्हणजे सोपं काम. हे ज्याने काढलं तो नक्की पुरुष असणार, खाणाऱ्याला सोपंच! भाजून बघ म्हणावं! हवामानाच्या खाली म्हणजे आजारी. अहो, हवामानाच्या खाली कोण नाही? आम्ही कोचकोरवाले जन्मभर हवामानाच्या खालीच आहोत, मेमध्ये बर्फ पडतो आमच्याकडे! पण मी पाठ केलं. सगळं पाठ केलं. गाईचं दूध काढताना पाठ, बोर्सोक तळताना पाठ, दोन घाणे करपले, तरी पाठ...

आणि मग ते झूराकडचं प्रकरण झालं. तुमच्या कानावर आलंच असेल, गावात कुणाच्या आलं नाही!

एप्रिलचा महिना. झूराकडे एक इंग्रज जोडपं उतरलं होतं, नॉर्मन आणि हिल्डा, दोघंही सत्तरीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टे बांधून डोंगर चढणारे. त्या दिवशी झूराने त्यांना बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, अंघोळीला बसवलं होतं. दुपारी कुंपणावरून झूराची हाक, ‘एजे! एजे, धाव! ती गोरी बाई काहीतरी ओरडतेय, आणि ते न्याहारीतलं नाहीये!’ कारण झूराचं इंग्रजी न्याहारीपुरतंच, अंडी, चहा, मुरंबा, संपलं. मी हात पुसत धावले. हिल्डा बान्याच्या दारात, केस ओले, म्हणते, ‘ही हॅज पास्ड आउट!’

आता आदल्याच दिवशी बेगाइमने पासचं पान दिलं होतं. पास अवे, पास आउट, पास ऑन, पास बाय. यातल्या एकात माणूस मरतो, एवढं मला पक्कं आठवत होतं. एकातच! पण कुठल्या? पाठ केलेलं ऐन वेळी गेलं, मग मी डोकं चालवलं. अवे म्हणजे दूर. दूर गेलेला माणूस परत येतो, म्हणजे तो फिरायला गेला असणार. आउट म्हणजे बाहेर. काय बाहेर जातं? जीव! जीव बाहेर गेला, म्हणजे माणूस गेला! सांगा बरं, यात कुठं खोट आहे? चूक कुणाची? माझी की शेपटीची?

तरी मी खात्री करायला तिच्या तोंडाकडे बघितलं, तर ती म्हणते, ‘डोन्ट वरी, ही विल कम राउंड.’ कम म्हणजे येणं, राउंड म्हणजे गोल. गोल फिरून येईल! म्हटलं, बिचारीचं दुःखाने डोकं फिरलं, नवरा गोल फिरून परत येईल म्हणते! आणि वर चहा मागितला, साखर घालून.

झूरा म्हणाली, ‘काय म्हणते गं?’

‘झूरा, तुझा पाहुणा गेला.’

‘गेला? कुठं गेला? अजून जेवला नाही!’

‘झूरा... गेला.’

आणि झूराने जी किंकाळी फोडली, ती डोंगरापलीकडे गेली असेल!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे शाळेच्या सभेला माणसं जमायला अर्धा दिवस पुरत नाही, पण मरणाला अर्धा तास खूप झाला. कुठून आले कळलं नाही, तोवर अंगणात मयतासाठी युर्ट, आमचा लोकरी तंबू, उभी राहायला लागली, खांब, नमदे, दोऱ्या, हातोहात! बायका आत बसून विलाप करायला लागल्या. आपल्याकडे मेलेल्याचे गुण गाऊन रडतात, पण याचे गुण कुणाला माहीत? झूरालाच तेवढे, आणि तिला न्याहारीपुरते. ती गळा काढून रडते, ‘डोंगरासारख्या पाहुण्या रे, तीन तीन अंडी खायचास रे, मुरंबा दोनदा मागायचास रे, आज पानावरून उपाशी उठलास रे!’ ते ऐकून मलाही भडभडून आलं. पुरुष काठ्या टेकत, ‘अरे माझ्या भावा रे’ करत फाटकातून आत येतायत, तिकडे मेंढा पडला, सुरी चालली, पातेलं चढलं, आणि मोल्दो, म्हणजे आमचा प्रार्थना म्हणणारा म्हातारा, तोही आला. कुणीतरी म्हणालं, हा आपल्या धर्माचा नाही. तर मोल्दो म्हणाला, ‘आपल्या अंगणात मेला, म्हणजे आपला.’ आत जाऊन बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण हिल्डा त्याला बान्याच्याच बाहेरच्या खोलीत निजवून दार लावून बसलेली, नव्या विधवेच्या दारावर थाप कोण मारणार? मध्येच ती चहाचा रिकामा पेला घेऊन बाहेर आली, तिनं युर्ट बघितली, रडणाऱ्या बायका बघितल्या, आणि हात छातीवर ठेवून म्हणाली, ‘हाऊ लव्हली!’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय म्हणाली, काय म्हणाली? मी काय सांगू? मी म्हटलं, ‘बाई म्हणतात, देवाची मर्जी.’

बायका अजूनच रडल्या.

आणि मोल्दोने हात पसरून प्रार्थना सुरू केली, आणि दार उघडलं, आणि नॉर्मन बाहेर आला. टोमॅटोसारखा लाल, कमरेला झूराचा फुलाफुलांचा टॉवेल, डोळे चोळत विचारतो, ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ कुणी हलेना. एक बाई तर रडण्याच्या मधल्या सुरावरच तोंड उघडं ठेवून थांबली. मोल्दोने नॉर्मनकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे वळून म्हणाला, ‘शायिरगुल, हा परत जाणार आहे, की आपण जेवायला बसू?’

बसले हो सगळे. मेंढा कापलेला, करणार काय? पाहुण्याचा मान म्हणून मेंढ्याचं डोकं नॉर्मनपुढे ठेवलं, ते बघून तो पुन्हा पास आउट, म्हणजे नुसता बेशुद्ध, व्हायच्या बेतात होता, पण या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही. आणि जाताना हिल्डाने माझे दोन्ही हात हातात घेतले, तिला वाटलं, अंघोळीनंतर आमच्याकडे असं करतात.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. चौकातला पोलीस टोपी काढून विचारतो, ‘एजेके, आज कोण गेलं?’ नानवाला म्हणतो, ‘एजेके, जपून, पीठ पास आउट झालंय.’ ज्यांना मी शिंगं लावून लावून रडवलं, ते सगळे आता शेपट्या हलवून हसत होते! आणि सातिबाल्दी आगायनी मला खोलीत बोलावलं, चहा ओतला, आणि म्हणाले, ‘शायिरगुल मामितोव्ना, ग्रंथालयाची किल्ली सापडली.’

मी वर्ग सोडला. सरळ सोडला. गिव्ह अप. बघा, हे मात्र बरोबर वापरलं. चार दिवस घराबाहेर पडले नाही, भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढल्या, म्हाताऱ्यालाही सांगितलं की माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलू नको. तो खूश होता, असं आता वाटतं.

पाचव्या दिवशी बेगाइम आली. मी चहा टाकला, बोर्सोक ठेवले. मला वाटलं, ही मला वर्गाला चला म्हणून विनवायला आलीय, किंवा हसायला. तर ती बसली आणि म्हणाली, ‘एजेके, आठवीतला माझा निबंध आठवतो? माझा उन्हाळा?’

आता मी हजारो उन्हाळे तपासलेत! म्हटलं, नाही.

‘त्या उन्हाळ्यात माझे बाबा कामाला रशियात गेले. मी निबंधात लिहिलं, बाबा आले. प्रि लावून. तुम्ही लाल शाईने प्रि खोडलं आणि उ लिहिलं. आणि वर्गात वाचून दाखवलंत. म्हणालात, हिचे वडील येतायत का जातायत, हेही हिला कळत नाही. सगळे खूप हसले.’

मी म्हटलं, ‘पण चुकलंच होतं ना तुझं?’

‘चुकलं नव्हतं, एजेके,’ ती म्हणाली. ‘मला उपसर्ग येत होते.’

तुम्हाला सांगते... मी तिच्या भरलेल्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. म्हातारा शेजारच्या खोलीतून डोकावून बघून गेला, इतकी शांतता झाली घरात. ती म्हणाली, ‘तुम्ही शेपटी चुकलात आणि एक धडधाकट माणूस मारलात, तर गाव आठवडाभर हसलं. मी एक शिंग मुद्दाम चुकवलं, तेव्हाही हसलं. हसतात हो. उद्या सहा वाजता वर्ग आहे, फ्रेझल क्रियापदांचं शेवटचं पान.’ मला तिची माफी मागायची होती. किर्गीजमध्ये मागता आली असती, रशियनमध्ये तर फार सुंदर मागता आली असती, आता इंग्रजीतही जमली असती कशीबशी. पण तोंडून काय निघालं? ‘बोर्सोक घे ना, गरम आहेत.’ तिनं घेतला. दोन घेतले. आणि चूक कुणाची, हे त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी शेवटच्या बाकावर हजर. आणि ‘का’ विचारणं बंद. जे येईल ते गिळत गेले. ब्रेक डाउन, बंद पडणं. ब्रेक इन, घुसणं. ब्रेक अप, काडीमोड. मोडायचं एकच, पण किती तऱ्हा! नेहमीच्या संसाराचंच पान होतं ते.

जूनमध्ये बिश्केकला परीक्षा. टॅक्सीत सहा जण कोंबलेले, मी वाटभर क्रियापदं म्हणत होते, उरलेल्या पाच जणांनाही पाठ झाली असतील. वर्गात सगळी विशी-पंचविशीची पोरं, त्यांना वाटलं मी पर्यवेक्षिका, मला बघून सगळ्यांनी चिठ्ठ्या लपवल्या. पहिला भाग ऐकण्याचा. कानावर ते मोठे हेडफोन, आणि आत एक माणूस नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करतोय, बोलतोय असा, की तोंडात बटाटा धरलाय! मध्येच म्हणतो, होल्ड ऑन. मी म्हटलं, धरलंय, बोल तू. तो पुढे बोलतच नाही. मी जरा मोठ्यानं म्हटलं, ‘अरे धरलंय! नीट बोल, आणि नळ गळतोय ते आधी सांग, पत्ता मागाहून दे!’ तर पर्यवेक्षक माझ्या खांद्यावर टकटक करून म्हणतो, ‘एजेके, तो टेपमध्ये आहे. त्याला ऐकू येत नाही.’ मी त्याला समजावून सांगत होते की शाळेत सत्तावीस वर्षं मी असल्या तोंडात बोलणाऱ्या पोरांना कसं सरळ केलं, तोवर टेप संपली. आता चूक कुणाची? माझी, की त्या नळवाल्याची?

वाचन झालं, लेखन झालं. मग बोलणं. पुढ्यात एक कोवळा तपासनीस, टाय बांधलेला, म्हणतो, तुमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल दोन मिनिटं बोला. दोन मिनिटं! मी सुरू केलं, आणि पुरी गोष्ट सांगितली, बान्या, टॉवेल, झूराची अंडी, मेंढ्याचं डोकं, मोल्दो, सगळं, आणि एक एक शेपटी हुडकून हुडकून जागच्या जागी लावली, पास आउट, कम राउंड, टर्न अप, सगळ्या! दोन मिनिटांची घंटा वाजली, म्हणजे वेंट ऑफ झाली, मी थांबले नाही. दुसरी वाजली, थांबले नाही. तो पोरगा आधी कागद तोंडापुढे धरून हसत होता, मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला, शेवटी बाहेरच्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, पुढचे चौदा उमेदवार ताटकळलेत.

ऑगस्टमध्ये निकाल. मी शाळेत रंगाचे डाग पुसत होते, आणि जिन्यातून आवाज, ‘शायिरगुल मामितोव्नाऽऽ!’ आगाय ओरडत येत होते! म्हणजे चहा नाही! ऐंशीपैकी चव्वेचाळीस लागतात, आणि मला बरोबर चव्वेचाळीस! पास! नुसती पास, मागे ना आउट ना अवे! आगाय म्हणाले, बघा, सांगितलं नव्हतं, भाषा ती भाषा! मी कागद घेऊन वाटेभर सगळ्यांना दाखवत गेले, पोलिसाला दाखवला, त्याने खरोखरची टोपी काढली. औषधवाल्याच्या वरच्या खोलीत गेले, बेगाइमने कागद वाचला आणि फळ्यावरचं पुसत राहिली बराच वेळ, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

संध्याकाळी झूरा मुरंबा घेऊन आली, मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला बसले, नळवाल्यापासून. म्हाताऱ्याने तोवर चष्मा लावून कागद उजेडात धरला आणि एक एक रकाना बोट ठेवून वाचला. बोलणं, विसापैकी अठरा. वाचन, तेरा. लेखन, नऊ. ऐकणं, विसापैकी चार. मग म्हणे त्याने चष्मा काढला, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाला, ‘एवढ्यासाठी बिश्केकपर्यंत गेली. मला विचारलं असतं तर हेच मी घरबसल्या लिहून दिलं असतं... ऐकण्याचे चार मात्र मी दिले नसते.’

असं तो माझ्या तोंडावर म्हणाला म्हणे. म्हणाला असेल. मला काय माहीत! मी तेव्हा बोलत होते. मला हे दोन दिवसांनी झूराने सांगितलं.